एस्प्रेसोच्या ग्राइंडरवर भरड कॉफी

मागच्या महिन्यात कर्वेनगरहून आत्याचा फोन आला. आतेभाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला, जाताना एस्प्रेसोचं मशीन घेऊन गेला आणि ग्राइंडर मात्र ओट्यावरच राहिला. "अगं, एवढं जड धूड नुसतं पडून आहे म्हणून त्यात बिया दळल्या आणि फ्रेंच प्रेसमध्ये कॉफी केली. तर खाली हा गाळ! कपाच्या तळाशी पिठल्यासारखा थर. हे यंत्र पीठच करतं का गं?"

आहे त्या सेटिंगवर हो, पीठच करतं. पण ते सेटिंग बदलता येतं, आणि नीट बदललं तर याच ग्राइंडरवर फ्रेंच प्रेसची (भांड्यात मुरवून जाळीतून ओतायची), पोअर ओव्हरची (कागदी फिल्टरवर वरून पाणी ओतून करायची), स्टीलच्या फिल्टरची, सगळ्या कॉफ्या उत्तम होतात. दुसरा ग्राइंडर लगेच विकत घ्यायची गरज नाही. त्या रविवारी तिच्या ओट्याशी उभं राहून जे जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. घरी एस्प्रेसोचा ग्राइंडर आहे आणि त्यावर जाडसर दळायचं आहे, अशा कुणालाही ते चालेल.

आधी यंत्र समजून घ्या

ज्यांनी घरात जातं पाहिलं आहे त्यांना हे पटकन कळेल. ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या असतात, एक स्थिर, एक फिरती. त्यांना बर म्हणतात. काहींत त्या सपाट असतात, काहींत शंकूच्या आकाराच्या. बिया वरून पडतात, दोन्ही चकत्यांच्या फटीतून चिरडल्या जातात आणि कडेने बाहेर येतात. फट लहान तर दळण बारीक, फट मोठी तर भरड. माझी आजी डाळ भरडताना खुंट्याला चिंधी गुंडाळून जात्याची वरची तळी किंचित उचलायची. ग्राइंडरचं चाक फिरवून आपण नेमकं तेच करतो.

मिक्सरमध्ये हे होत नाही. तिथे पातं फिरतं, फट नसते. त्यामुळे काही बिया अख्ख्या राहतात आणि काहींचा धुरळा होतो. मिक्सर थांबवून थांबवून फिरवला तरी फार फरक पडत नाही.

एस्प्रेसोला बारीक दळण लागतं, कारण मशीन साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट, दाबाने पाणी ढकलतं आणि २५ ते ३० सेकंदांत कप भरतो. कॉफीने त्या पाण्याला अडवून धरायचं असतं. म्हणून कण साधारण पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर. फ्रेंच प्रेसमध्ये दाब नसतो, कॉफी चार मिनिटं आणि त्याहून जास्त पाण्यात मुरते, म्हणून तिथे कण मिलिमीटरच्या आसपास चालतो. एस्प्रेसोत केसाएवढ्या फरकाने चव बदलते, त्यामुळे या ग्राइंडरचं चाक फार हळू सरकेल असंच बनवलेलं असतं. भरडीपर्यंत पोचायला ते बरंच फिरवावं लागतं. आत्याने एक आकडा पुढे सरकवला होता आणि "काही फरक पडत नाही" असं ठरवलं होतं. तिची गफलत तेवढीच होती.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर निराशा नको. एस्प्रेसोसाठी घडवलेल्या चकत्या भरड दळतानाही थोडा बारीक भुगा करतातच. एस्प्रेसोत हा भुगा कामाचा असतो, तो मोठ्या कणांच्या फटी भरून पाणी अडवतो. फ्रेंच प्रेसमध्ये तोच गाळ होऊन खाली बसतो आणि कडवटपणा आणतो. खास फिल्टर कॉफीसाठी बनवलेल्या ग्राइंडरची स्वच्छ चव इथे शंभर टक्के मिळणार नाही. पण भुगा आवरायचे उपाय आहेत, ते पुढे येतील. आणि ताज्या बिया घरी दळून केलेली कॉफी महिनाभर उघड्या पडलेल्या तयार पुडीपेक्षा कितीतरी चांगली लागते, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

सुरू करण्याआधी दोन खात्र्या करून घ्या. बटण दाबलं की स्वतःच दळून कॉफी ओतणारं पूर्ण स्वयंचलित मशीन असेल, तर त्यातून दळलेली पूड बाहेर काढता येत नाही, तेव्हा हा लेख त्याच्या कामाचा नाही. मात्र दांडीचा पोर्टाफिल्टर (कॉफी भरायची दांडीवाली चाळणी) असलेल्या मशीनलाच ग्राइंडर जोडलेला असेल तर चालतं. पोर्टाफिल्टरच्या जागी स्टीलची वाटी धरायची. आणि पुण्यात घरोघरी कुणीतरी अमेरिकेत असतं, म्हणून हे दुसरं सांगते. तिकडून आणलेला ग्राइंडर ११० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. खालचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

पहिली पायरी: रिकामा करा

वरच्या भांड्यातल्या सगळ्या बिया काढा. झडप असेल तर बंद करा आणि आत राहिलेल्या बिया मोटर चालवून दळून टाका. आवाज बदलतो. आधी घरघर, मग मोकळी शीळ. शीळ आली की आत काही उरलं नाही. आता प्लग काढा आणि जिथून पूड पडते ते तोंड ब्रशने झाडून घ्या. यासाठी खास ब्रश लागत नाही. बोहरी आळीत किंवा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात रंगाचा अर्धा इंची ब्रश मिळतो, तो कोरा आणून फक्त कॉफीसाठी ठेवा. पाणी अजिबात लावायचं नाही. ओल्या चकत्या गंजतात आणि पूड चिकटून दगड होते.

आत्याच्या ग्राइंडरच्या तोंडातून चमचाभर काळपट, खवट वासाची पूड निघाली. भाऊ जाऊन दोन महिने झाले होते. तीच पूड तिच्या प्रत्येक कपात थोडी थोडी जात होती.

दुसरी पायरी: शून्य शोधा

ही पायरी लोक टाळतात आणि मग पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. शून्य म्हणजे दोन चकत्या एकमेकींना जेमतेम शिवतात ती जागा. चाकावरचे आकडे खरे धरू नका, कारण चकत्या एकदा काढून परत बसवल्या की आकडे सरकतात.

ग्राइंडर पूर्ण रिकामा आहे याची खात्री करा. घरी एस्प्रेसोही करत असाल तर चाक हलवण्याआधी त्याची सध्याची जागा मोबाइलवर फोटो काढून नोंदवून ठेवा. मोटर चालू करा आणि चाक बारीकच्या दिशेने अगदी हळू, घड्याळाच्या काट्याइतक्या संथपणे फिरवा. कान यंत्राजवळ न्या, डोळे मिटलेत तरी चालेल. मोटरच्या एकसुरी आवाजात अचानक एक बारीक "चिर्र" ऐकू येते, सुरीला धार लावताना पहिला स्पर्श होतो तशी. तेच शून्य. ऐकू आल्याक्षणी चाक मागे घ्या आणि मोटर बंद करा. क्षणभराच्या स्पर्शाने काही बिघडत नाही, पण धातूवर धातू घासत ठेवू नका. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत चकत्या शिवू देऊ नका असं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका आणि सगळ्यात बारीक आकड्यालाच शून्य माना.

हाताने फिरवायचा ग्राइंडर असेल तर हे आणखी सोपं आहे. दळण बदलायची कळ घट्ट करत जायची. दांडा मोकळा फिरायचा थांबला की शून्य. तिथून उलट फिरवताना टिक-टिक मोजायची. उदाहरणार्थ किनग्राइंडर के-६ मध्ये एका पूर्ण फेऱ्यात ६० टिक असतात आणि एक टिक म्हणजे १६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हालचाल. म्हणजे नुसत्या दहा टिक सरकवून एस्प्रेसोची फ्रेंच प्रेस होणार नाही, तिथे साठ-सत्तर टिकांचा प्रवास आहे.

तिसरी पायरी: खूण करा

शून्यापाशी ग्राइंडरच्या अंगावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यावर पेनाने रेघ ओढा. घरी एस्प्रेसोही करत असाल तर मघाशी फोटोत नोंदवलेली एस्प्रेसोची जागाही वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा. काही ग्राइंडरचं चाक एकापेक्षा जास्त फेरे फिरतं. तिथे "एक पूर्ण फेरा अधिक ३" असं शब्दांत लिहून ठेवा, कारण रेघ फेरे मोजत नाही.

चाकाला थोडी ढिलाई असते. उजवीकडून येऊन खुणेवर थांबलात आणि डावीकडून येऊन थांबलात तर आतली फट सारखी नसते. म्हणून खुणेवर नेहमी एकाच बाजूने यायचं. मी नेहमी भरडीकडून बारीककडे येते. जास्त बारीक गेलेच, तर परत भरडीकडे जाऊन पुन्हा येते.

चौथी पायरी: फट उघडा, रव्याशी ताडून बघा

भरडीकडे चाक केव्हाही फिरवता येतं, मोटर बंद असली तरी. किती फिरवायचं? शून्यापासून एस्प्रेसोपर्यंतचं अंतर मोजा. त्याच्या अडीच ते चार पट अंतर गेलात की फ्रेंच प्रेसच्या परिसरात पोचता. हा सुरुवातीचा अंदाज आहे, यंत्रागणिक बदलतो. आत्याकडे एस्प्रेसोची जागा माहीतच नव्हती, म्हणून आम्ही सरळ उघडत गेलो आणि थोडं थोडं दळून पाहत गेलो.

पाहायचं कशाशी ताडून? परदेशी तक्त्यांमध्ये समुद्री मीठ वगैरे लिहिलेलं असतं. आपल्या डब्यांत त्याहून चांगली मापं आहेत. आम्ही पांढऱ्या कागदावर ओळीने चिमूट चिमूट ठेवल्या. एस्प्रेसोचं दळण म्हणजे पिठीसाखरेहून खरखरीत, चिरोटी रव्याच्या जवळपास. बोटात चोळलं तर गुठळ्या होतात, रेषा उमटते. मोका पॉट (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबावर चालणारं कॉफीचं भांडं) आणि दाक्षिणात्य फिल्टर यांना त्याहून थोडं मोकळं, बारीक मिठासारखं. पोअर ओव्हरला बारीक रवा आणि उपम्याचा जाड रवा यांच्या मधलं. फ्रेंच प्रेसला जाड रवा किंवा खसखस. कोल्ड ब्रूला (गार पाण्यात तासन्तास मुरवलेल्या कॉफीला) इडली रवा ते लापशीच्या बारीक कण्या. नजरेपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. कॉफीच्या गडद रंगामुळे कणांचा आकार नजरेला नीट कळत नाही. रवा आणि कॉफी आलटून पालटून अंगठा आणि तर्जनीत चोळली की फरक लगेच कळतो. आत्याने आयुष्यभर रव्याचे लाडू वळलेत. तिसऱ्या चिमटीला तिनेच सांगितलं, "अजून एक घर उघड, हा जाड रवा नाही झाला." (घर म्हणजे चाकावरचा एक टप्पा.)

एक सावधगिरी. काही ग्राइंडरमध्ये वरची चकती आट्यांच्या कड्यात बसवलेली असते आणि खालून स्प्रिंग तिला ताणून धरते. फार उघडलं तर ताण कमी होतो, चकती डुलते, आणि दळण भरड होण्याऐवजी वेडंवाकडं होतं. कडं हाताला सैल लागायला लागलं की थांबा, तीच तुमच्या यंत्राची हद्द. मशीनला जोडलेल्या ग्राइंडरमध्ये उलटी अडचण येते. बाहेरचे आकडे संपतात तरी दळण पुरेसं भरड होत नाही. ब्रेव्हिल कंपनीच्या बरिस्टा एक्स्प्रेस या मशीनमध्ये बाहेर १६ सेटिंग आहेत, पण आतली वरची चकती काढून तिच्यावरचे १ ते १० हे वेगळे आकडेही बदलता येतात. अशी सोय तुमच्या यंत्रात आहे का ते पुस्तिकेत बघा. आतला आकडा बदललात तर एस्प्रेसोचं गणितही सरकतं, हे मात्र लक्षात असू द्या.

पाचवी पायरी: पहिला घास बाजूला काढा

गिरणीत दळण न्यायची सवय असलेल्यांना हे सांगावं लागत नाही. "बाजरीवर माझे गहू घालू नका हो" असं आई गिरणीवाल्याला हमखास बजावते, कारण मागचं पीठ दगडाच्या कडेला राहिलेलं असतं आणि पुढच्याच्या डब्यात येतं. ग्राइंडरचंही तसंच. चकत्यांभोवती आणि तोंडाच्या नळीत मागचं बारीक दळण अडकलेलं असतं. सेटिंग बदललं की पाच ग्रॅम बिया टाकून दळा आणि ती पूड टाका. मोठ्या, दुकानात वापरतात तसल्या ग्राइंडरला जास्त लागेल. एका वेळेपुरत्याच बिया घालायच्या अशा रचनेच्या ग्राइंडरला दोन-तीन ग्रॅमही पुरतात. बिया महाग असतात, वाईट वाटतं, पण हे पाच ग्रॅम वाचवले तर अख्ख्या कपात गाळ येतो. टाकलेली पूड तुळशीच्या कुंडीत थेट जाड थराने घालू नका, त्यावर बुरशी येते. ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये मिसळा.

सहावी पायरी: वजनावर दळा, वेळेवर नाही

एस्प्रेसोच्या बऱ्याच ग्राइंडरांना टायमर असतो. समजा १२ सेकंदांत १८ ग्रॅम पडतात असं लावलेलं आहे. भरड सेटिंगवर बिया फटीतून भराभर निघतात, त्यामुळे तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त पूड पडते आणि वाटी ओसंडते. टायमर बंद ठेवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बिया आधी मोजा, तेवढ्याच वर टाका, संपेपर्यंत दळा. शेवटच्या बिया मक्याच्या लाह्यांसारख्या उडत राहतात आणि दळण असमान होतं, म्हणून वर झाकण ठेवा.

दळलेलं पोर्टाफिल्टरमध्ये न पडता रुंद भांड्यात पडू द्या. आत्याकडे आम्ही पोह्यांची खोलगट डिश वापरली. दळताना कण उडतात, विशेषतः थंडीत. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी होते, तेव्हा टरफलं आणि भुगा स्थिर विजेने यंत्राला, ओट्याला, हाताला चिकटतो. उपाय साधा आहे. चमच्याची मागची दांडी पाण्यात बुडवा आणि तेवढ्या एका थेंबाने मोजलेल्या बिया ढवळा, मग दळा. पाण्याने स्थिर वीज कमी होते, हे ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली 'मॅटर' या नियतकालिकात मांडलं आहे. कॉफीवाले लोक त्याआधीपासूनच हे करत होते. थेंब म्हणजे थेंबच, बिया ओलसर लागता कामा नयेत. पावसाळ्यात याची गरज पडत नाही, तेव्हा उलट बियांचा डबा घट्ट बंद ठेवायची काळजी घ्यावी लागते.

आता कॉफी

फ्रेंच प्रेसवर थोडं थांबते, कारण एस्प्रेसोच्या ग्राइंडरचा भुगा इथेच सगळ्यात जास्त छळतो. ३० ग्रॅम कॉफी, ४५० मिली पाणी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळी आली, गॅस बंद केला, अर्धा मिनिट थांबलात की पाणी ओतायला योग्य. सगळं पाणी एकदम ओता, हात लावू नका. चार मिनिटांनी वर जाड साय धरल्यासारखा थर दिसेल. तो चमच्याने हलकेच ढवळा. बराचसा खाली जातो. वर राहिलेला फेस आणि तरंगणारे कण दोन चमच्यांनी काढून टाका. आता आणखी पाच मिनिटं थांबा. हाच खरा उपाय आहे. या पाच मिनिटांत भुगा स्वतःच्या वजनाने तळाशी बसतो. मग जाळी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच खाली करा, तळापर्यंत दाबू नका. दाबलं की बसलेला गाळ उठतो. हळू ओता आणि शेवटचे दोन घोट भांड्यातच राहू द्या. आत्याच्या कपात त्या दिवशी तळाशी एक पातळ काळी कड राहिली, थर नाही. तिने कप तिरका करून उजेडात दोनदा बघितला.

तरीही गाळ जास्त वाटला तर दळलेली पूड चहाच्या बारीक जाळीच्या गाळणीत घालून हलकेच हलवा, भुगा खाली पडतो. पण सगळा काढू नका. काही भुगा राहिला नाही तर कॉफी पातळ, अंगात काही नसल्यासारखी लागते. आणि गाळून वजन कमी होतं, तेव्हा दोन-तीन ग्रॅम जास्त दळा.

पोअर ओव्हरमध्ये कागद असतो, त्यामुळे कपात गाळ येत नाही, पण भुगा कागदाची छिद्रं बुजवतो आणि पाणी तुंबतं. १५ ग्रॅम कॉफी, २५० मिली पाणी. आधी ४५ मिली ओतून ४० सेकंद थांबा, मग उरलेलं दोन संथ धारांत. धार जितकी जास्त वेळा आणि जितक्या उंचावरून, तितका भुगा हलून कागदाला चिकटतो, म्हणून किटलीचं तोंड खाली धरा आणि ढवळू नका. एकूण अडीच ते साडेतीन मिनिटांत पाणी उतरलं पाहिजे. चार मिनिटांवर गेलं आणि जिभेला कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा लागला, तर एक-दोन घरं भरडीकडे जा. दोन मिनिटांतच उतरलं आणि कॉफी आंबट, पाणचट लागली, तर बारीककडे या. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण बदललं तर त्या दिवशी कॉफीचं आणि पाण्याचं माप तेच ठेवा.

स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरला हा ग्राइंडर खरं तर सगळ्यात चांगला जुळतो, कारण तिथे दळण एस्प्रेसोपासून फार लांब जात नाही आणि थोडा भुगा हवाच असतो. फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'त फिल्टर कॉफी पिऊन घरी तशीच करायची इच्छा झालेले पुष्कळ जण आहेत, त्यांनी एक लक्षात घ्यावं. दुकानातल्या पुडीत बहुधा चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) असते, ती पाणी धरून ठेवते आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, सावकाश उतरतं. आपण दळलेल्या निव्वळ कॉफीतून पाणी लवकर निघून जातं, म्हणून दळण थोडं बारीक ठेवावं लागतं. २० ग्रॅम कॉफी, १२० मिली पाणी, डिकॉक्शन उतरायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागली पाहिजेत. पाच मिनिटांत खाली आलं तर दळण भरड झालं, तासाभरातही अडून बसलं तर फार बारीक. चिकोरी हवी असेल तर रास्ता पेठेतल्या दाक्षिणात्य सामानाच्या दुकानांत विचारा आणि दळून झाल्यावर वरून मिसळा, ग्राइंडरमध्ये घालू नका. ती ओल धरते आणि चकत्यांच्या दातांत चिकटून बसते.

मोका पॉटला एस्प्रेसोपेक्षा दोन-तीन घरं भरड, कॉफी दाबायची नाही, बस्स. कोल्ड ब्रूला ८० ग्रॅम कॉफी, ६४० मिली पाणी, फ्रिजमध्ये १२ ते १६ तास, आणि शेवटी आधी मलमलच्या फडक्यातून, मग कागदातून गाळा. फक्त फडक्यातून गाळलं तर या ग्राइंडरचा भुगा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत कॉफी गढूळ दिसते.

परतीचा रस्ता

एस्प्रेसोही करणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. भरडीकडे जाणं सोपं आहे, यंत्र बिघडतं ते परत येताना.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरी पाहुणे होते म्हणून मी फ्रेंच प्रेससाठी भरपूर दळलं. संध्याकाळी एस्प्रेसो करायचा म्हणून मोटर बंद असतानाच चाक सरळ बारीककडे फिरवलं. अर्ध्यावर ते जड झालं. मला वाटलं घट्ट बसलंय, म्हणून कापड धरून जोर लावला. मग बटण दाबलं तर मोटर नुसती हुंकारली, फिरली नाही. तत्काळ बंद केलं म्हणून मोटर वाचली. वरची चकती काढली तेव्हा दातांच्या मधे अर्धवट चिरडलेले भरड कण पाचरीसारखे बसलेले होते. टाचणीने एकेक काढायला दोन तास लागले आणि चकती परत बसवल्यावर शून्य पुन्हा शोधावं लागलं.

म्हणून बारीककडे येताना क्रम असा ठेवा. वर एकही बी नको. मोटर चालू करा, आत उरलेलं सगळं बाहेर पडू द्या, शीळ ऐका. मग मोटर चालू असतानाच चाक हळूहळू बारीककडे आणा. चाक जड लागलं की जोर करू नका, थोडं मागे जा, मोटर पुन्हा फिरू द्या, मग पुढे या. खुणेवर पोचलात की थांबा. आता पाच ग्रॅम बिया दळून टाका. पहिला एस्प्रेसो बहुधा घाईत उतरेल, कारण थोडे भरड कण तरीही मधे येतात. तो धरू नका. १८ ग्रॅममधून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम उतरले की तुम्ही घरी परत आलात. हाताच्या ग्राइंडरला हेच नियम, फक्त मोटरऐवजी दांडा फिरवत राहायचा.

जाण्या-येण्याच्या दोन्ही वेळा मिळून दहा-बारा ग्रॅम बिया आणि एखादा फसलेला कप, एवढा खर्च धरा. आठवड्यातून एखाद्या रविवारी फ्रेंच प्रेस करणाऱ्याला तो परवडतो. पण घरात रोज सकाळी एकाला एस्प्रेसो आणि दुसऱ्याला पोअर ओव्हर लागत असेल तर मी स्पष्ट सांगेन, एस्प्रेसोचा ग्राइंडर त्याच्या खुणेवरून हलवू नका आणि भरडीसाठी हाताने फिरवायचा एक ग्राइंडर घ्या. भरड दळायला हाताला जोर कमी लागतो, १५ ग्रॅम मिनिटभरात होतात. सिरॅमिकच्या, दांडा लटलटणाऱ्या अगदी स्वस्त ग्राइंडरच्या वाटेला मात्र जाऊ नका. घेताना दांडा धरून आडवा हलवून बघा. मधली कांडी दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसवलेली असेल तर ती डुलत नाही. ती डुलत असेल तर भुगा तुमच्या एस्प्रेसोच्या ग्राइंडरपेक्षाही जास्त पडेल.

आत्याला तो घ्यायची गरज नाही. तिच्या ग्राइंडरवर चिकटपट्टीच्या दोन रेघा आहेत, एक "प्रेस" आणि एक "फिल्टर". त्या दोन्हींच्या मधे चाक पाव फेराच फिरतं. दर पंधरा दिवसांनी ती प्लग काढून ब्रशने तोंड झाडते. भाऊ दिवाळीला मशीन घेऊन आला की त्याची तिसरी रेघ त्यानेच शोधायची आहे.